‘वापरातील चूक’ : एका व्यवसायाची परिभाषा

वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीत ‘युजेबिलिटी इंजिनीअर’ हा स्वतंत्र व्यावसायिक गेल्या काही दशकांत उदयास आला आहे. परिचारिका, तंत्रज्ञ अथवा रुग्ण उपकरण हाताळताना कोठे चुकेल, याचा आधीच शोध घेऊन त्याची रचना बदलून घेणे हे त्याचे कार्य होय. या व्यवसायाकडे अभियंते, मानसशास्त्रज्ञ आणि अभिकल्पक वळतात; भाषाशास्त्राचा अभ्यासक क्वचितच वळतो. वस्तुतः या व्यवसायाचे अधिष्ठान एका शब्दभेदावर आहे.

आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने २००७ मध्ये ६२३६६ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले व २०१५ मध्ये ते नव्या रूपात मांडले. त्यात ‘यूजर एरर’ ही रूढ संज्ञा टाळून ‘यूज एरर’ ही संज्ञा स्वीकारलेली आहे. इंग्रजीत येथे केवळ एक कर्तृवाचक प्रत्यय गळतो. मराठीत मात्र सारा संबंधच पालटतो. ‘वापरणाऱ्याची चूक’ यातील षष्ठी चुकीचे स्वामित्व व्यक्तीकडे देते. ‘वापरातील चूक’ म्हणताच ती माणूस आणि यंत्र यांच्या व्यवहारात घडलेली ठरते.

या भेदाचे मोल थेरॅक-२५ या कॅनडात निर्माण झालेल्या किरणोपचार-यंत्राने दाखवून दिले. १९८५ ते १९८७ या काळात त्यापासून सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरणमात्रा मिळाली. १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे चालिकेने चुकीचे अक्षर त्वरेने दुरुस्त केले. यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच अक्षरे उमटली. पुस्तिकेत त्यांचा उलगडा नव्हता. असे संदेश नित्याचेच असल्याने तिने उपचार पुढे चालू केला. मूळ दोष संगणकाच्या आज्ञावलीत होता, हे खरे. परंतु जे वाक्य धोका सांगू शकले असते, त्याच्या जागी केवळ एक अंक होता. येथे चूक चालिकेची म्हणणे हा भाषेचाच अपराध ठरेल.

तथापि मानकाची परिभाषा निर्दोष नाही. तीत ‘अपसामान्य वापर’ असाही एक वर्ग आहे. जाणूनबुजून केलेली आणि निर्मात्याच्या वाजवी उपायांपलीकडची कृती त्यात मोडते. हा वर्ग आवश्यक आहे. परंतु ‘वाजवी’ या विशेषणाचा अर्थ प्रथम निर्माताच लावतो. त्यामुळे पुढच्या दाराने घालविलेला ‘दोषी वापरकर्ता’ मागच्या दाराने परत येण्याचा संभव राहतो.

हे दार राखणे हीच या व्यवसायातील खरी कसोटी होय. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार अंतिम चाचणीत प्रत्येक वापरकर्ता-गटातील किमान १५ व्यक्ती असाव्यात. चाचणीनंतर, जेथे चूक झाली तेथे काय समजले होते, हे त्या व्यक्तीस विचारावयाचे असते. ‘माझेच लक्ष नव्हते’ असे उत्तर आले, तर ते कारण म्हणून नोंदवावयाचे की त्या वाक्यामागील संकोच ओळखून पुढचा प्रश्न विचारावयाचा, यावर अहवालाचे सत्य अवलंबून राहते. निर्मात्याच्या वेतनावर असूनही दुसरा मार्ग पत्करणे सोपे नाही. परंतु उक्ती आणि अभिप्राय यांतील अंतर मोजण्याचे शिक्षण ज्यास मिळाले आहे, अशा विद्यार्थ्याने हे क्षेत्र परके मानण्याचे कारण नाही.