एका मिठाईवाल्याचें छायाचित्र : साधन म्हणून परीक्षण

जुन्या छायाचित्रावरून एखाद्या गांवच्या पाववाल्याचा अथवा मिठाईवाल्याचा इतिहास काढतां येईल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांच्या नांवें सनद नाहीं व ज्यांचा बखरींत उल्लेख नाहीं, अशा कारागिरांविषयीं बोलणारें साधन पुष्कळदां एखादें छायाचित्रच असतें. त्याची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, याचा विचार एका प्रसिद्ध उदाहरणावरून करूं.

जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर (१८७६–१९६४) यानें १९२८ सालीं कोलोन शहरांत घेतलेलें एक चित्र पुढील वर्षीं त्याच्या साठ छायाचित्रांच्या संग्रहांत प्रसिद्ध झालें. मुदपाकखान्यांत उभा असलेला स्थूल देहाचा गृहस्थ, अंगांत लांब पांढरा डगला, हातांत मोठें गोल भांडें, नजर थेट पाहणाऱ्याकडे. खालीं धंद्याचा शब्द तेवढा : ‘कोंडिटोर’.

पहिली चूक या शब्दापाशींच होते. त्याचा अर्थ ‘पाववाला’ असा घेणें बरोबर नव्हे. जर्मनींत पाव भाजणारा आणि केक व मिठाई करणारा हे दोन निराळे धंदे असून दोहोंची उस्तादकीची परीक्षाही निराळी असते. हा भेद न जाणणारा संशोधक या गृहस्थास पाववाल्यांच्या यादींत शोधील व रिक्त हस्तानें परतेल.

दुसरें असें कीं, हें चित्र कामाच्या ओघांत टिपलेलें नव्हे; हा गृहस्थ त्यासाठीं मुद्दाम उभा राहिला आहे. म्हणून आपण जगास कसें दिसावें असें त्यास वाटे, याचा हा उत्तम पुरावा होय. त्याच्या नित्याच्या कामाचा मात्र नव्हे. उमेदवार किती, गिऱ्हाइकें कोण, भट्टी कोणत्या प्रहरीं पेटे, यांविषयीं चित्र मुकें आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. झांडरला ‘विसाव्या शतकांतील माणसें’ या आपल्या योजनेंत समाजाचे नमुने मांडावयाचे होते. त्यामुळें नांव गळून धंदा राहिला. पुढील सूचींतून मात्र हा गृहस्थ कोलोनच्या लिंडेन्थाल भागांतील मिठाईवाला फ्रान्झ ब्रेमर असल्याचें कळतें. झांडरचें चित्रगृहही लिंडेन्थालांतच होतें. म्हणजे साऱ्या धंद्याचा प्रतिनिधि म्हणून जो उभा केला, तो छायाचित्रकाराच्या पेठेंतलाच मनुष्य ! नांव हातीं येतांच शहराच्या पत्तेपुस्तकांत, कारागीरसंघाच्या दप्तरांत व घरजागेच्या कागदांत त्याचा माग काढणें शक्य होतें. नांवावांचून हीं सर्व दारें बंदच राहतात.

शिवाय जें उरलें तेंच सर्व होतें, असेंही मानूं नये. १९३६ सालीं नाझी सरकारनें या संग्रहाचे छापण्याचे ठसे नष्ट केले, आणि १९४६ सालीं तळघरांतील आगींत झांडरच्या सुमारें ३०,००० काचा व फिती जळाल्या.

हा दोष परक्यांपुरताच आहे असें नाहीं. विल्यम जॉन्सननें मुंबईच्या लोकांविषयीं १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत काढलेल्या संग्रहांत माणसें जातीच्या वा समाजाच्या नांवाखालीं येतात. इतकेंच नव्हे, तर एका ठिकाणीं घेतलेल्या आकृतींमागें दुसऱ्याच ठिकाणचा देखावा जोडलेला आढळतो. तेथें पार्श्वभूमीवरून स्थळ ठरविणारा फसल्यावांचून राहणार नाहीं.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, जुनें छायाचित्र हातीं येतांच त्याची पाठ प्रथम पहावी. पुठ्ठा कापूं नये, शिक्का खरवडूं नये. चित्रांतील माणसाचें नांव घरांतील वडील मंडळींस आजच विचारून, कोणीं सांगितलें व केव्हां सांगितलें यासह वेगळ्या कागदावर टिपून ठेवावें. चेहरा कागदावर शंभर वर्षें टिकतो. पण त्याचें नांव जाणणारा शेवटचा मनुष्य गेला म्हणजे आपल्या हातीं केवळ एक ‘नमुना’ उरतो.