स्टोक्सीचं काय झालं?

जॉन अपडाइकची ‘ए अँड पी’ ही कथा २२ जुलै १९६१ च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. पुढे ती अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत इतकी शिकवली गेली की तिची गोष्ट अनेकांना पाठ आहे. बॉस्टनच्या उत्तरेकडच्या एका गावातलं किराणा दुकान. पोहण्याच्या कपड्यांतल्या तीन मुली आत येतात. मॅनेजर लेंगल त्यांना चारचौघांत सुनावतो. काउंटरवरचा १९ वर्षांचा सॅमी मुलींना ऐकू जाईल अशा बेताने नोकरी सोडतो. बाहेर येतो, तर मुली केव्हाच गेलेल्या.

या कथेवरची चर्चा बहुतेक वेळा दोन मुद्द्यांवर अडते: सॅमी बंडखोर की बावळट, आणि त्याची मुलींकडे बघण्याची नजर. दुसरा मुद्दा रास्तच आहे. सॅमी मुलींचं अंगअंग निरखतो, गिऱ्हाइकांना मेंढरं म्हणतो, आणि अपडाइकला त्याला आवरायची घाई नाही. पण मी आज ही कथा वाचते ती तिच्या नावासाठी. ते नाव लावणारं एकही दुकान आता उरलेलं नाही.

ए अँड पी म्हणजे ‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’. १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा धंदा चहावर वाढला. १९१२ मध्ये जॉन हार्टफर्डने जर्सी सिटीत नव्या पद्धतीचं दुकान काढलं: उधारी नाही, घरपोच माल नाही, सजावट नाही, फक्त कमी भाव. हा साचा असा चालला की १९३० च्या सुमारास कंपनीची १५ हजारांहून जास्त दुकानं होती. छोट्या दुकानदारांचा संताप इतका वाढला की १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा आला. बड्या खरेदीदारांना मिळणाऱ्या खास सवलतींना लगाम घालणारा हा कायदा करताना डोळ्यांसमोर मुख्यतः हीच कंपनी होती. मार्क लेव्हिन्सनच्या २०११ च्या पुस्तकात ही लढाई सविस्तर वाचायला मिळते. पण ती हार्टफर्ड बंधूंची, खासदारांची आणि कोर्टाची हकिगत आहे. एखाद्या गावात, गुरुवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना दुकानात काय चालायचं, हे हवं असेल तर अपडाइककडेच यावं लागतं.

तो १९५७ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचला राहत होता, आणि कथेतलं गाव त्याच किनारपट्टीवरचं वाटतं. दुकानाच्या दारातून दोन बँका, एक चर्च, पेपरवाला आणि जागा विकणाऱ्यांची तीन ऑफिसं दिसतात. गटार फुटल्यामुळे रस्ता खणून ठेवलाय. आत हिरव्या आणि क्रीम रंगाच्या चौकटींची जमीन आहे. पाट्या नसतानाही सगळी गिऱ्हाइकं रांगांमधून एकाच दिशेने चालतात, आणि त्या मुली उलट्या येतात म्हणून तर डोळ्यांत भरतात. गल्ल्याच्या यंत्राची बटणं दाबता दाबता सॅमी त्या आवाजावर मनात गाणं जुळवतो. काउंटरवर काम केलेल्या कुणालाही हे पटेल. हात काम करत असतात, डोकं दुसरीकडेच असतं.

गंमत म्हणजे त्याच काळात कंपनीसुद्धा ‘स्थानिक इतिहास’ तयार करत होती. शंभरी भरल्यावर तिने नव्या दुकानांना वसाहतकाळातल्या इमारतींचा थाट दिला: लाल विटा, छपरावर छोटी घुमटी. गाव कुठलंही असो, जुनेपणा एकाच नकाशातून काढलेला. अपडाइक याच्या नेमकं उलट करतो. हजारो दुकानांवर असलेलं नाव तो कथेला देतो आणि मग ते दुकान दुसऱ्या कुठल्याही गावात बसणार नाही असं उभं करतो.

दुकानातली वर्गरचनाही त्याने अचूक टिपली आहे. क्वीनी ४९ सेंटांची माशांची बरणी आणते. त्या बरणीवरून आणि तिच्या आवाजावरून सॅमीला तिच्या घरातली श्रीमंत पार्टी दिसते, आणि लगेच आपल्या घरची साधी सरबतंही आठवतात. कमी भावाच्या या दुकानाने दोन्ही घरांना एका रांगेत आणलं होतं. लेंगलही नियम सांगतो तो सगळ्यांना लागू असल्यासारखा. सॅमीच्या मते मात्र नियम म्हणजे बड्यांची इच्छा.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. दुकानात स्टोक्सी नावाचा आणखी एक कामगार आहे. वय २२, लग्न झालेलं, दोन मुलं. त्याला कधीतरी मॅनेजर व्हायचंय, आणि सॅमी त्यावर विनोद करतो: होईल की, १९९० च्या सुमारास, कंपनीचं नाव रशियन झाल्यावर! शीतयुद्धाच्या काळातली ही चेष्टा आज चमत्कारिक वाटते. हार्टफर्ड बंधूंच्या मृत्यूनंतर कंपनी लाभांश वाटत राहिली आणि दुकानं जुनी होत गेली. १९७९ मध्ये जर्मनीच्या टेंगलमन समूहाने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि पुढे ताबाही मिळवला. १९९० उजाडलं तेव्हा कंपनी खरोखर परक्या हातांत होती. फक्त ते हात रशियन नव्हते.

तेव्हा स्टोक्सी ५१ वर्षांचा असता.

सॅमीला टाय काउंटरवर टाकून निघून जाणं परवडतं, कारण त्याच्या पगारावर कुणाचं पोट नाही. त्याचे आईवडील लेंगलच्या ओळखीचे आहेत, पण तो कुणाचा बाप नाही. शेवटी तो काचेतून मागे बघतो तेव्हा त्याच्या जागेवर उभा असलेला लेंगल दिसतो आणि पुढे आपलं कसं होणार याची त्याला धास्ती वाटते. कथा तिथे संपते. स्टोक्सी आतच, शेजारच्या काउंटरवर असणार, पण सॅमी त्याच्याकडे बघत नाही. अपडाइकही बघत नाही.

जुलै २०१५ मध्ये कंपनीने पाच वर्षांत दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा सुमारे ३०० दुकानं आणि २८ हजारांवर कामगार होते. त्या वर्षाअखेर काही दुकानं इतरांनी घेतली, बाकीची बंद झाली. कंपनीने कामगारांना सोडलं, आणि त्या सोडण्यात बघणाऱ्या मुली नव्हत्या, बाणेदार वाक्यं नव्हती.

कथा उत्तम आहे, हे मी मागे घेत नाही. पण या दुकानाचा इतिहास सांगायचा तर तो सोडून जाणाऱ्यापेक्षा थांबलेल्याच्या तोंडून ऐकायला हवा. पुढच्या वेळी ही कथा वाचाल तेव्हा दारातून बाहेर पडण्याआधी एकदा स्टोक्सीच्या काउंटरकडे वळून बघा. त्याच्या वाट्याला आलेली वाक्यं तुम्हाला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.