‘जवळा बाजार’: ग्रामनामाचा अर्थ आणि उपयोग

ग्रामनामाचा अर्थ लावणे म्हणजे त्यातील शब्दाची व्युत्पत्ती सांगणे, अशी समजूत ग्रामनामांच्या विवेचनात बरीच रूढ आहे. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील ‘जवळा बाजार’ हे नाव घेतले असता या समजुतीची मर्यादा स्पष्ट होते.

‘जवळा’ म्हणताच कोकणातील वाचकास सुकविलेली बारीक मासळी आठवेल. देशावरील वाचकास ‘जवळ’ हे अव्यय सुचेल. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावास पहिला अर्थ लागू पडणे कठीण. दुसरा संभाव्य वाटतो. परंतु कशाच्या जवळ, हे नाव सांगत नाही. शिवाय जामखेड व सांगोला तालुक्यांतही जवळा आहेच. केवळ ध्वनिसाम्यावरून काढलेला अर्थ या सर्वांस सारखाच लागू करणे धाडसाचे होईल.

उत्तरपदाचे कार्य मात्र निश्चित आहे. त्याच जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात, ‘जवळा पांचाळ’ आहे. त्याहून हा जवळा निराळा, हे ‘बाजार’ या फार्सी शब्दाने कळते. बुद्रुक व खुर्द ही मूळची फार्सी पदेही असाच भेद दाखवितात. अमरावती जिल्ह्यातील ‘चांदूर बाजार’ आणि ‘चांदूर रेल्वे’ ही जोडी तर अधिकच बोलकी आहे. 1867 मध्ये नागपुरास पोहोचलेल्या लोहमार्गावरील चांदुरास इंग्रजी शब्द जोडला गेला आणि तो मराठी ग्रामनामाचा घटक बनला. तेथे ‘रेल्वे’ म्हणजे गाडी नव्हे. दुसऱ्या चांदुराहून वेगळे असलेले गाव होय.

व्याकरणही याची साक्ष देते. ‘बाजाराला जातो’ म्हणणारा खरेदीस निघालेला असतो. ‘चांदूर बाजारला जातो’ म्हणणारा त्या गावास. सामान्यनामाचे सामान्यरूप होते. ग्रामनामात ‘ला’ प्रत्ययापूर्वी ते बहुधा टळते, जसे ‘नागपूरला’. शब्द तोच राहतो, त्याची जात पालटते. आणि बोलणारा हा भेद कोणी न शिकविता पाळतो.

यावरून व्युत्पत्तिविचार निरुपयोगी ठरत नाही. तो अपुरा ठरतो. संग्राहकाने केवळ ‘जवळा’ एवढेच टिपले, तर एका गावाची ओळख दुसऱ्यात मिसळते आणि त्या गावच्या व्यापारउदिमाची खूणही पुसली जाते. म्हणून नाव संपूर्ण नोंदवावे, त्याची बोलण्यातील विभक्तिरूपे टिपावीत, आणि मगच त्याच्या मुळाकडे वळावे.