कादंबरी वाचताना आम्ही

"फादर, पोरगा अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचतो, त्याला जरा समजवा," अशी तक्रार घेऊन गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आल्या. पूर्वी अशा वेळी आमचे उत्तर तयार असे : बोधप्रद पुस्तक हाती द्या, बाकीची काढून घ्या. या वेळी ते ओठांवर येईना. आमच्या स्वतःच्या वाचनाचा हिशेब मांडला, तर बोधाच्या खाती जमा फार थोडी निघते.

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' घ्या. १८५७ सालची ही कृती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. विधवांचे दुःख इतक्या आधी कथारूपाने मांडणारा लेखक ख्रिस्ती होता, याचा अभिमान आम्हांसही आहे. तरी वाचताना मन रमले नाही. यमुना पतीसह प्रवासास निघते, आणि वाटेत भेटणारी प्रत्येक विधवा जणू साक्ष देण्यासाठीच उभी असते. माणसे बोलतात ती लेखकाला हवे तेवढेच. हा दोष आम्हांस चटकन दिसला, कारण आमची रविवारची प्रवचने आम्ही अशीच रचतो.

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वहीखाली दडवून वाचल्या. त्यांतील एकही आज आठवत नाही. दिवे मालवण्याची घंटा झाल्यावर पान अर्धे राहिल्याची हळहळ तेवढी आठवते. पुढे त्याचे पापनिवेदनही केले होते. आज केले नसते.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) मात्र आम्हांस बोचली. पौराणिक कथानक, अलंकारांनी जडावलेली भाषा. पुष्कळदा पान उलटून पुढे जावेसे वाटते. विषयलोलुप राजा हा इशारा आणि संयमी कच हा आदर्श, अशी तिची सोपी वाटणी करून आम्ही प्रथम वाचू लागलो. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या वाचकाने कचाच्या पंक्तीला बसावे हे ओघानेच आले. परंतु ययातीचा थोरला भाऊ यती समोर आला आणि आमचे आसन डळमळले. घरदार टाकून अरण्यात गेलेला, देहाला वैरी मानणारा, स्त्रीच्या सावलीनेही बिथरणारा हा तपस्वी आमच्या ओळखीचा होता. दीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत विवाहाच्या तयारीसाठी आलेल्या तरुण जोडप्यांशी आम्ही ज्या कोरड्या, संशयी स्वरात बोललो, तो स्वर यतीचाच. कच आम्हांस आजही थोडा पुतळ्यासारखा वाटतो. यती जिवंत आहे.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने (१९३९) आमचा अधिक खोल मर्मभेद केला. वरवर पाहता ती प्रेमकथा. युरोपातून निघालेल्या बोटीवर, प्रेमावरचा विश्वास उडालेला चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा एकत्र येतात. मुंबईला तो उतरतो, ती उतरू शकत नाही. कादंबरी लहान, वाक्ये तुटक, कोठेही गहिवर नाही. ती छापली गेली त्या काळी आपल्या गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंना विश्वासघातकी अशा अर्थाचे विशेषण होते. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी ते काढून टाकले आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यूद्वेषाचा निषेध केला. सेमिनरीत हे सारे आम्ही शिकलो, परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळवले. तो शब्द कोणाला लागत असेल, हा प्रश्न मात्र हॅर्टा भेटेपर्यंत मनात आला नव्हता. बेडेकरांनी चर्चविषयी आम्हांस काही सुनावलेले नाही. त्यांनी एक मुलगी बोटीवर उभी केली, एवढेच.

त्या मातेच्या मुलाला आम्ही बोलावून घेतले आणि अभ्यासाविषयी दोन शब्द सांगितले, नाही असे नाही. जाताना आमच्या कपाटातले 'रणांगण' त्याला दिले. ते अद्याप परत आलेले नाही, आणि आम्हीही मागितलेले नाही.