भय, श्रद्धा आणि परधर्माविषयीचा मोकळेपणा : बेलापूर परिसराच्या संदर्भात 'स्मृतिचित्रे'चे पुनर्वाचन

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माविषयीच्या मराठी चर्चेत दोन विधाने वारंवार आढळतात. ख्रिस्ती उपदेश नरकाच्या भीतीवर उभा असल्यामुळे त्या धर्मात परधर्माविषयी आदर संभवत नाही, हे पहिले विधान. ख्रिस्ताची शिकवण निव्वळ प्रीतीची असल्यामुळे तेथे भयाला थारा नाही, हे दुसरे. पहिले टीकाकारांचे आहे, दुसरे समर्थकांचे. बायबलमध्ये दोहोंना आधार सापडतो. नीतिसूत्रांत परमेश्वराच्या भयाला ज्ञानाचा आरंभ मानले आहे, तर योहानाच्या पहिल्या पत्रात भय आणि प्रीती एकत्र नांदू शकत नाहीत, असे प्रतिपादन आहे. त्यामुळे केवळ वचनांच्या आधारे हा वाद मिटणे शक्य नाही. दोन्ही विधानांत एक उणीव समान आहे. भय ही एकजिनसी भावना आहे, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुतः श्रद्धेच्या प्रांतात भयाची रूपे अनेक असतात आणि परधर्माविषयीच्या मोकळेपणावर त्यांचा होणारा परिणामही भिन्न, प्रसंगी परस्परविरुद्ध असतो. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात बेलापूर, राहुरी व नगर या परिसरातील ख्रिस्ती परंपरेचा आणि तिच्यातून निर्माण झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा विचार केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

प्रवरेच्या काठी वसलेले बेलापूर हे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्याचे जुने गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूरच्या स्थानकाला या गावाचेच नाव मिळाले आणि हरेगावचा साखर कारखानाही बेलापूर कंपनीच्या नावाने ओळखला गेला. याच टापूत ज्ञानेश्वरीचे नेवासे आहे, 'भक्तविजय'कार महिपतींचे ताहराबाद आहे आणि साईबाबांची शिर्डीही आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातील महार आणि मांग समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. संतपरंपरेने भारलेल्या भूमीत ख्रिस्ती श्रद्धा रुजली, तेव्हा शेजारच्या श्रद्धांशी कोणते नाते ठेवावे हा प्रश्न तिला टाळता येण्यासारखा नव्हता.

नरकाचे भय आणि नगरचे मिशन

या प्रश्नाची सर्वांत तीव्र चर्चा नगरच्याच एका मिशनऱ्याच्या निमित्ताने अमेरिकेत झाली, ही बाब मराठी अभ्यासकांकडून बरीचशी दुर्लक्षित राहिली आहे. रॉबर्ट ए. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा आणि १८७४ पासूनचे कार्यक्षेत्र नगर. १८८६ मध्ये रजेवर मायदेशी असताना अँडोव्हर येथील धर्मशिक्षणसंस्थेतील उदारमतवादी विचारांविषयी त्यांनी जाहीर सहानुभूती व्यक्त केली. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, ते सर्व मृत्यूनंतर अपरिहार्यपणे अनंत दंडास पात्र ठरतात काय, असा तो प्रश्न होता. मरणोत्तर काळातही त्यांना संधी मिळू शकेल, या मताला अँडोव्हरच्या पंडितांनी वाव ठेवला होता. मिशनच्या चालक मंडळातील सनातनी गटाला हे मत धोक्याचे वाटले. परधर्मीयांच्या सर्वनाशाची भीती काढून घेतली, तर धर्मप्रसारासाठी घरदार सोडून जाण्यास कोणी सिद्ध होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. परिणामी ह्यूम यांना भारतात परत पाठविण्याचा निर्णय काही काळ रोखून धरण्यात आला. १८८७ मध्ये त्यांना परतण्याची अनुमती मिळाली.

त्यानंतरचा इतिहास हेच या युक्तिवादाला मिळालेले उत्तर होय. ह्यूम यांनी त्यानंतर अनेक वर्षे नगरला काम केले. ते १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत सहभागी झाले. दुष्काळातील मदतकार्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. नरकाच्या भीतीचा आधार सैल झाल्याने त्यांची श्रद्धा किंवा सेवा ढासळली नाही. मात्र ह्यूम यांना सर्व धर्म समान वाटत होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ख्रिस्ताचे स्थान त्यांच्या दृष्टीने अंतिमच होते. परधर्मीयाकडे पाहताना 'हा बुडणारा आहे' या जाणिवेऐवजी 'देव याच्याही जवळ आहे' ही जाणीव प्रथम यावी, एवढाच तो बदल होता. आणि बदल एवढाच असला, तरी त्याच्यामुळेच नारायण वामन टिळकांसारख्या स्वतंत्र वृत्तीच्या कवीला नगरमध्ये आश्रय मिळू शकला.

विटाळाचे भय

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. ख्रिस्ताकडे त्यांना ओढणारी गोष्ट होती डोंगरावरील प्रवचन. त्यांच्या धर्मांतरात दंडाच्या भीतीपेक्षा नैतिक आकर्षणाचा वाटा मोठा होता. भयाची खरी कहाणी त्यांच्या पत्नीची आहे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. धर्मांतराचे आत्मचरित्र म्हणून ते वाचले जाते, आणि तसे वाचताना लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याकडे कथेचे शिखर म्हणून पाहिले जाते. परंतु ग्रंथाची आंतरिक रचना निराळी आहे. त्याच्या आरंभीच एक भयग्रस्त घर आहे. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला झालेल्या फाशीचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी घेतला आणि त्यांचे सोवळे पराकोटीला गेले. बाजारातून आलेले जिन्नसही धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाहीत, असा तो कडेलोट होता. राजकीय दहशतीचे विटाळाच्या भयात झालेले हे रूपांतर मराठी आत्मचरित्रात क्वचितच इतक्या स्वच्छपणे नोंदले गेले असेल. लेखिकेने त्याचे विश्लेषण केलेले नाही. तिने ते केवळ दाखविले आहे, आणि बहुधा हसत दाखविले आहे.

पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना वाटलेले भयही ख्रिस्ती सिद्धान्ताचे नव्हते. त्रैक्य, पापक्षमा, पुनरुत्थान यांविषयी त्यांची तक्रार नव्हती. भय होते ते पाण्याचे, भांड्यांचे, चुलीचे. पंढरपूरचा विरहकाळ संपवून त्या नगरला पतीजवळ आल्या, तरी स्वयंपाक आणि सोवळे वेगळेच राहिले. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्याचे उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी प्रारंभ केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली राहुरीस झाला, तो या घटनेनंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून मोकळ्या झाल्या, असे ग्रंथ सांगत नाही. त्या आधी मोकळ्या झाल्या आणि नंतर ख्रिस्ती झाल्या. श्रद्धा येथे भयमुक्तीचे कारण नसून तिची परिणती आहे. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा या क्रमावरच उभा आहे.

या दृष्टीने बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राशी तुलना उद्बोधक ठरते. त्या शीर्षकातच सोडलेल्या धर्माला रात्रीचे स्थान दिलेले आहे. पहिल्या पिढीच्या धर्मांतरिताला चारी बाजूंनी विरोध असताना अशी स्पष्ट विभागणी करावी लागली, हे समजण्यासारखे आहे. ज्याला आपली नवी भूमी पायाखालून सरकेल अशी धास्ती असते, तो जुन्या भूमीकडे शांतपणे पाहू शकत नाही. 'स्मृतिचित्रे'त मागे राहिलेल्या जगाविषयी कटुता नाही. सोवळ्याची थट्टा आहे, पण सोवळे पाळणाऱ्या माणसांविषयी तुच्छता नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद हा केवळ शैलीचा गुण मानला जातो. तो खरे तर भय ओसरल्याचे लक्षण आहे.

सीमेचे भय

व्यक्तीचे भय ओसरले तरी संस्थेचे ओसरतेच, असे नाही. नरकाच्या प्रश्नावर उदार झालेल्या मिशनला दुसरे भय होते: आपल्या समाजाची सीमा पुसट होईल याचे. संख्येने अल्प, नवख्या आणि परदेशी साहाय्यावर अवलंबून असलेल्या मंडळीला ते वाटणे अस्वाभाविक नव्हते. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले आणि तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताजवळ पोहोचलो, अशी उघड भूमिका घेतली. तेथवर मिशनने त्यांना सामावून घेतले. परंतु १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते, आणि तेथे खरी कसोटी लागली. बाप्तिस्मा ही सीमा नसेल तर मंडळी कोणाची, हा प्रश्न टिळकांच्या कवित्वाने सुटणारा नव्हता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग त्यांच्या पश्चात फार काळ टिकला नाही.

तरीही वाट अगदीच बुजली नाही. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला, तो नगरमध्येच. जस्टिन अॅबट या निवृत्त मिशनऱ्याने १९२६ पासून मराठी संतांचे वाङ्मय इंग्रजीत आणणारी ग्रंथमाला काढली आणि तिच्यात ताहराबादच्या महिपतींना मोठे स्थान दिले. ज्या मिशनने पूर्वी मूर्तिपूजेच्या खंडनासाठी पुस्तिका छापल्या, त्याच मिशनच्या एका जुन्या सेवकाने उत्तरायुष्य संतचरित्रांच्या भाषांतरात वेचावे, यात एका शतकातील मनःपरिवर्तन दिसते.

हरेगावचा नवस

येथवर भय हे मोकळेपणाच्या आड येते, असे दिसले. बेलापूरपासून जवळच असलेल्या हरेगावची मतमाउलीची यात्रा या सूत्राला मुरड घालते. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या या कॅथलिक यात्रेस ख्रिस्तेतर भाविकही मोठ्या संख्येने येतात. 'माउली' हे संबोधन नेवाशाच्या ज्ञानेश्वरांचे, पंढरीच्या विठोबाचे. मरियेला ते लावताना कोणत्याही परिषदेचा ठराव झालेला नाही. अन्य धर्मांतील सत्याचा व पावित्र्याचा आदर करणारा व्हॅटिकनचा जाहीरनामा १९६५ सालचा आहे. लोकांच्या जिभेला असल्या जाहीरनाम्याची वाट पाहावी लागत नाही.

यात्रेला माणसे कशासाठी येतात? नवसासाठी, आणि नवसाच्या मुळाशी भयच असते: मूल जगेल की नाही, आजार हटेल की नाही, पाऊस पडेल की नाही. हे भय माणसाला कुंपण ओलांडायला लावते. म्हणजे भयाचे दोन स्वभाव आहेत. जिवाचे भय दार उघडते, सीमेचे भय दार लावते. पहिल्याने मिळणारा मोकळेपणा मात्र उथळ राहू शकतो. यात्रेत शेजारी उभा राहून मेणबत्ती लावणारा माणूस गावी परतल्यावर शेजाऱ्याच्या घरचे पाणी घेईलच, याची खात्री नसते. लक्ष्मीबाईंनी ओलांडलेली रेषा ती हीच, आणि म्हणूनच त्यांचा मोकळेपणा अधिक मोलाचा.

कागदावरचे भय

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातील होत्या. विटाळाचे भय हे विटाळ मानणाऱ्यांचे भय आहे, ज्यांना विटाळ मानले गेले त्यांचे नव्हे. बेलापूर-राहुरीच्या महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांचे भय दुष्काळाचे, गावाच्या बहिष्काराचे, वतन व पाणवठा तुटण्याचे होते. 'स्मृतिचित्रे'ला साऱ्या मराठी ख्रिस्ती अनुभवाचे प्रातिनिधिक पुस्तक मानणाऱ्या समीक्षेने हा भेद पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

त्या भयाने स्वातंत्र्यानंतर नवे रूप घेतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेण्यात आले. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले त्यात नाहीत. आरक्षणाच्या लाभासाठी, अंतःकरणातील श्रद्धेवाचून केलेला धर्माचा दावा मान्य करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. या तरतुदींच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद असू शकतात. त्यांचा धार्मिक परिणाम मात्र विचारात घेण्याजोगा आहे. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या कुटुंबाला दाखल्यावरील धर्माच्या रकान्यापुढे थबकावे लागत असेल, तर त्याची श्रद्धा उघडी राहत नाही. आणि जी श्रद्धा स्वतःचे नाव मोकळेपणाने सांगू शकत नाही, तिच्याकडून परधर्माविषयी मोकळ्या संवादाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, भय ख्रिस्ती श्रद्धेला घडविते, पण त्याचे उगमस्थान बहुधा सिद्धान्तात नसते. नरकाचे भय नगरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकातच सैल झाले होते. त्यानंतरही माणसांना माणसांपासून दूर ठेवले ते विटाळाच्या, सीमेच्या आणि कागदाच्या भयांनी. ही भये केवळ ख्रिस्ती समाजाची नाहीत. त्यांच्या निर्मितीत शेजारच्या समाजाचा आणि शासनाचाही वाटा आहे. त्यामुळे ख्रिस्ती माणूस परधर्माविषयी किती मोकळा आहे, या प्रश्नाबरोबर त्याला मोकळे राहण्याइतके निर्भय वातावरण मिळाले आहे काय, हा प्रश्नही विचारावा लागतो. लक्ष्मीबाईंनी आपल्या वाट्याच्या भयाचा हिशेब चुलीपाशी चुकता केला. उरलेला हिशेब एकट्या व्यक्तीच्या हातचा नाही.