अनुपलब्ध म्हणजे नाही का? आभासी यंत्रातल्या पहारेकऱ्याविषयी



पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: 'आभासी यंत्रांतील हार्डवेअर डीबग रजिस्टरांची उपलब्धता यूजरस्पेसला कळवणे'. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं एडवणला येऊन यावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटणं साहजिक आहे. पण या विषयातला कळीचा शब्द 'उपलब्धता' हा आहे, आणि त्या शब्दावर आमच्या शास्त्रातली मंडळी तेराशे वर्षं भांडत आलेली आहेत. सरकारी पाटीवर 'अनुपलब्ध' म्हणजे मिळत नाही. शास्त्रात 'अनुपलब्ध' म्हणजे जाणवलं नाही, प्रत्ययाला आलं नाही. एकच धातू, एकच उपसर्ग. या दोन अर्थांमधल्या फटीत एक मोठी तांत्रिक चूक कशी राहून गेली, ते आज बघायचंय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. बोईसरहून आलेली तरुण मंडळी कंटाळतील, पण दोन मिनिटं सोसा. प्रोग्रॅम चुकतो तेव्हा चूक शोधायला डीबगर लागतो. एखादी किंमत कुणीतरी बिघडवतंय, पण कोण ते कळत नाही. अशा वेळी प्रोसेसरलाच सांगता येतं, की स्मृतीतल्या या पत्त्यावर पहारा ठेव. कुणी हात लावला तर तिथल्या तिथं थांबव. हा पत्ता ज्या खास रजिस्टरात लिहितात ते डीबग रजिस्टर, आणि त्या पहाऱ्याला वॉचपॉइंट म्हणतात. इंटेलच्या ८०३८६ पासून अशा पत्त्यांसाठी चार जागा आहेत. आयबीएमच्या पॉवर ८ मध्ये डेटावर पहारा ठेवणारं असं रजिस्टर एकच, त्याचं नाव डीएडब्ल्यूआर. हार्डवेअरचा पहारा फुकट पडतो, प्रोग्रॅमचा वेग कमी होत नाही. तो नसेल तर डीबगर प्रत्येक सूचनेनंतर थांबून स्वतः डोकावून बघतो. उत्तर बरोबर येतं, पण बैलगाडीनं.

आता यात आभासी यंत्र घाला. एका खऱ्या यंत्रावर, म्हणजे होस्टवर, अनेक आभासी यंत्रं राहतात; त्यांना गेस्ट म्हणतात. लिनक्समध्ये हे काम केव्हीएम करतं, २००७ पासून. गेस्टला वाटतं आपण स्वतंत्र बंगल्यात आहोत, प्रत्यक्षात तो चाळीत असतो. (हशा) आणि गंमत अशी, की चालू अवस्थेत, त्याची झोपमोड न करता, त्याला एका होस्टवरून उचलून दुसऱ्या होस्टवर ठेवता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. बँकांचं, विम्याचं काम चालतं ती यंत्रं अशीच हलवली जातात.

ज्याच्यावर मला टीका करायची आहे तो लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांतला एक छोटा मजकूर आहे, पॉवर ९ वरच्या डीएडब्ल्यूआरविषयी. २०१८ मध्ये असं लक्षात आलं, की पॉवर ९ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये हे रजिस्टर विशिष्ट प्रकारच्या स्मृतीकडे रोखलं गेलं तर अख्खं यंत्र ठप्प होतं. ही म्हणजे कॅशमधून न जाणारी स्मृती, उपकरणांशी बोलायला वापरतात ती. एक गेस्ट नाही, सगळी चाळ बंद. कर्नलला तो पत्ता कुठल्या प्रकारचा आहे हे आधी ओळखता येत नव्हतं. म्हणून त्यांनी अशा प्रोसेसरांवर पहारेकरीच बंद करून टाकला. या निर्णयाला माझा काही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो बंद केल्याचं कुणाला, कसं कळवलं याच्यावर. यंत्र आभासी नसेल, तर डीबगर विचारतो, 'किती वॉचपॉइंट मिळतील?' कर्नल सांगतो, 'शून्य.' डीबगर निमूट बैलगाडी जुंपतो. उत्तम. शून्य हे अत्यंत सभ्य उत्तर आहे. पॉवर ९ वरच सुरू झालेला गेस्ट पहारा मागतो, तेव्हा होस्ट त्याला त्रुटी परत देतो. पण त्या काळचे लिनक्स गेस्ट ती त्रुटी वाचतच नव्हते. सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणारा खिडकीतून बाहेर बघत होता. तरी अशा गेस्टमधला डीबगरसुद्धा शेवटी बैलगाडीवरच येतो, असं हा मजकूर सांगतो. इथवर ठीक.

खरी गोष्ट तिसऱ्या परिस्थितीत आहे. गेस्ट पॉवर ८ वर सुरू झाला. डीबगरनं पहारा मागितला, खराखुरा मिळाला. मग तो गेस्ट पॉवर ९ वर हलवला गेला. केव्हीएम पहाऱ्याचा पत्ता आपल्या वहीत जपून ठेवतं, पण हार्डवेअरमध्ये लिहीत नाही. कुणालाही काही सांगत नाही. डीबगरच्या पडद्यावर 'हार्डवेअर वॉचपॉइंट' हे शब्द तसेच असतात. त्या पत्त्यावर कुणी हजार वेळा लिहिलं तरी तो थांबत नाही. गेस्ट परत पॉवर ८ वर आणा, पहारा पुन्हा चालू! हे सगळं मजकुरात स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं नाही. लेखकांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण दस्तऐवजात लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला सांगणं झालं. रात्री दोन वाजता चूक शोधत बसलेल्या माणसाला ते सांगितलेलं नाही. तो निष्कर्ष काढतो, 'पहारा आहे, कुणी सापडलं नाही, म्हणजे या किमतीला कुणी हात लावत नाही.' आणि तो निर्दोष ठिकाणी चूक शोधायला निघून जातो.

इथं मला कुमारिल भट्ट आठवतात. वस्तूचा अभाव आपल्याला कळतो कसा, हा मीमांसकांचा प्रश्न. जमिनीवर घट नाही, हे मी कशानं जाणलं? कुमारिल म्हणतात, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच आहे. नैयायिक म्हणतात वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षच पुरेल. प्राभाकर आणखी तिसरं काही म्हणतात. त्यात आज शिरत नाही, नाहीतर शेवटची गाडी चुकेल. पण एका अटीवर बहुतेक सगळे येतात. नुसतं दिसलं नाही, एवढं पुरत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. ही योग्यानुपलब्धी. अंधारात घट दिसला नाही, यावरून घट नाही असं ठरत नाही. बौद्धांकडे धर्मकीर्ती हेच पिशाचाच्या दाखल्यानं सांगतात: जे मुळात दिसण्याजोगंच नाही, ते न दिसण्यावरून ते नाही असं सिद्ध होत नाही. (श्रोत्यांतून: मग आहे का?) आहे असंही होत नाही. घाबरू नका.

तुम्हाला हे शिकवायला कुमारिल कशाला हवेत? डोल जाळं रिकामं वर आलं तर कोळी आधी जाळं तपासतो. फाटलंय का, ओहोटीच्या धारेत नीट उघडलं होतं का? मग म्हणतो, मासळी नाही. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा संशोधन संस्थांनी तिकडे जादा भूकंपमापक बसवले. जवळ यंत्र नसेल तर बारीक धक्क्याची नोंदच होत नाही, आणि कोरी वही म्हणजे शांत जमीन नव्हे. इथं तारापूरला अणुवीज केंद्रात नोकरी केलेले काही जण बसलेत. त्यांना माहीत आहे, की मोठ्या प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात इशाऱ्याच्या दिव्यांसाठी एक चाचणीचं बटण असतं. ते दाबलं की सगळे दिवे एकदम लागतात. का? तर दिवा विझलेला असण्याचे अर्थ दोन: धोका नाही, किंवा बल्ब गेलाय. बटणाशिवाय हे दोन वेगळे करता येत नाहीत.

डीबग रजिस्टरांची उपलब्धता यूजरस्पेसला कळवणं म्हणजे हे बटण बसवणं. ती सोयीची गोष्ट आहे असं समजून पुष्कळ वर्षं तिच्याकडे पाहिलं गेलं, हीच माझी मुख्य तक्रार आहे. डीबगरच्या मौनाला पुराव्याची किंमत येते ती या कळवण्यामुळे.

बचाव पक्षाचं म्हणणं ऐकू या, कारण ते हलकं नाही. ते म्हणतात, आम्ही पॉवर ९ वर हे मूल्य नाकारलं असतं तर पॉवर ८ वरून हलवणंच मोडलं असतं. ज्यांनी जन्मात कधी वॉचपॉइंट वापरला नाही असे असंख्य गेस्ट अडकून पडले असते, एका डीबगरपायी. खरंय. त्या क्षणी त्यांच्यापुढे दोनच दारं होती आणि त्यांनी कमी नुकसानीचं निवडलं. मीही कदाचित तेच निवडलं असतं. पण दोनच दारं का उरली? कारण आधी, हे रजिस्टर गेस्टला पहिल्यांदा दिलं तेव्हा, 'हे आहे का' असा प्रश्नच ठेवला नव्हता. ते असणारच, असं गृहीत होतं. जिथं प्रश्न विचारायची जागा नसते, तिथं 'नाही' हे उत्तर ठेवायला जागा कुठून येणार?

हा धडा पुढं घेतला गेला, हेही सांगायला हवं. पॉवर १० मध्ये पहारेकरी दोन झाले. २०२१ मध्ये केव्हीएममध्ये दुसऱ्यासाठी स्वतंत्र क्षमता-घोषणा आली. यूजरस्पेसमधला व्यवस्थापक, म्हणजे क्यूएमयू, आधी विचारतो: दुसरा आहे का? असला तरी तो आपोआप मिळत नाही, मागून चालू करून घ्यावा लागतो. त्यामुळे ज्याला पुढं जुन्या यंत्रावर हलायचंय त्यानं तो न मागताच सुरुवात करावी. मला ही रचना फार आवडली. एआरएमच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांवर केव्हीएम याहून एक पाऊल पुढं जातं. तिथं उत्तर 'हो-नाही' नसतं, आकडा असतो: ब्रेकपॉइंट इतके, वॉचपॉइंट इतके.

तरीही आकड्यानं हुरळू नये. 'उपलब्ध' या शब्दात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात: सिलिकॉनमध्ये आहे, मला परवानगी आहे, आणि या क्षणी मोकळं आहे. क्षमता-घोषणा पहिल्या दोहोंबद्दल बोलते. तिसऱ्याबद्दल नाही. लिनक्समध्ये कामगिरी मोजणारी साधनंही याच जागा वापरतात. चार असतील आणि तीन अडकलेल्या असतील तर? रेल्वेच्या डब्यात बर्थ बहात्तर आहेत, या माहितीवर झोपता येत नाही.

आणखी एक कौतुक. २०१९ च्या सुमाराला, ज्यांना धोका पत्करूनही पहारा चालू करायचाय त्यांच्यासाठी एक कळ दिली गेली, आणि तिच्या नावातच 'डेंजरस' हा शब्द घातला. कळ दाबणाऱ्याला तो टाइप करावाच लागतो. सूचना वाचणाऱ्याच्या हाताखाली ठेवली आहे, दूरच्या पानावर नाही. जी बुद्धी या नावात दिसते, ती त्या मायग्रेशनच्या मौनात का दिसली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रश्न घेऊ या.

(प्रश्न: गेस्टला 'तू हललास' असं सांगून टाकायला काय हरकत आहे?)

चांगला प्रश्न. केव्हीएमची प्रतिज्ञाच अशी की गेस्टला कळता कामा नये. पण हे अपरिहार्य नाही. याच पॉवर घराण्यात आयबीएमचा स्वतःचा पॉवरव्हीएम आहे. तिथं स्थलांतरात गेस्ट स्वतः भाग घेतो आणि नव्या घरी गेल्यावर हार्डवेअरची माहिती ताजी करून घेतो. म्हणजे सांगता येतं. न सांगणं ही निवड आहे, आणि निवड म्हटली की तिच्यावर टीका करता येते.

(प्रश्न: सर, आम्ही क्लाउडवर काम करतो. खालचं हार्डवेअर आम्हाला दिसत नाही. आम्ही काय करायचं?)

दोन गोष्टी. जीडीबी पहारा लावताना काय छापतो ते बघा. नुसतं 'वॉचपॉइंट' म्हणाला तर बैलगाडी. 'हार्डवेअर वॉचपॉइंट' म्हणाला तर खरा पहारा, निदान त्या क्षणी तरी. दुसरं, ज्या किमतीवर संशय आहे तिच्याआधी, तुम्ही स्वतः बदलणार आहात अशा एका फालतू किमतीवर पहारा लावा आणि ती बदला. थांबला, तर पुढं चला. यंत्र मधे हललं असण्याची शंका आली, तर त्याच किमतीवर पुन्हा करून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.