पायऱ्या किती असाव्यात? : विद्यार्थी-अभिप्राय पत्रकातील पदनिश्चयन श्रेणीची चिकित्सा

अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांचे मत घ्यावे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो मत मोजणाऱ्या साधनाचा. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (नॅक) २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. त्याच्या प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत. पैकी २० प्रश्नांना ४ ते ० असे पाच पर्याय असून शेवटचा प्रश्न मुक्त आहे. अनेक महाविद्यालयांची अंतर्गत अभिप्राय-पत्रकेही याच धर्तीची असतात. म्हणून या श्रेणीची चिकित्सा आवश्यक वाटते.

पाच पर्यायांना परंपरेचा आधार आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये अभिवृत्ती-मापनासाठी पाच पर्यायांची रीत मांडली. पुढे प्रेस्टन आणि कोलमन यांनी २००० मध्ये २ ते ११ आणि १०१ पर्यायांच्या श्रेणींची तुलना केली. दोन, तीन व चार पर्यायांच्या श्रेणी कमी विश्वसनीय ठरल्या. सातच्या आसपास निष्कर्ष चांगले आले. दहाच्या पुढे पुनर्चाचणीची विश्वसनीयता घटू लागली. म्हणजे पर्याय वाढवले की अचूकता वाढतेच, असे नाही. पाच ते सात ही मर्यादा सर्वसाधारणपणे योग्य म्हणता येईल.

परंतु संख्या योग्य असूनही श्रेणी सदोष असू शकते. नॅकच्या दुसऱ्या प्रश्नात अध्यापकांच्या पूर्वतयारीसाठी 'निकृष्ट' या अर्थाच्या पर्यायाला २ आणि 'उदासीनपणे' या अर्थाच्या पर्यायाला १ गुण आहे. या दोहोंत वरचे कोणते, हे विद्यार्थ्याने कसे ठरवावे? तिसऱ्या प्रश्नात 'कधीकधी परिणामकारक' नंतर 'जेमतेम समाधानकारक' येते. एक पर्याय वारंवारता मोजतो, दुसरा दर्जा. चौथ्या प्रश्नात अध्यापन-पद्धती 'चांगली' म्हटली की ४ पैकी २ गुण मिळतात. लिकर्टच्या श्रेणीत मध्यभागी 'अनिश्चित' होते आणि दोन्ही बाजू समतोल होत्या. येथे प्रशंसाच मध्यावर येऊन बसते.

हुबळी-धारवाडच्या वर्गांत ही अडचण अधिक जाणवते. येथील विद्यार्थी घरी उर्दू, कन्नड किंवा मराठी बोलतो आणि पत्रक इंग्रजीत भरतो. 'शिकवणे कसे वाटते?' या प्रश्नाला कन्नडमध्ये सहज उत्तर येते, 'परवागिल्ल'. फारसीतून आलेला 'पर्वा' हा शब्द आपल्या तिन्ही भाषांत आहे. पण 'परवागिल्ल' म्हणजे २ की ३? मराठीतील 'बरं आहे' याचीही तीच गत. बोलण्याच्या स्वरावरून तो शब्द प्रशंसाही होतो, तक्रारही. ज्या दोन पायऱ्यांतील फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत सांगता येत नाही, त्या कागदावर दोन असल्या तरी मनात एकच असतात.

याचे परिणाम अध्यापकाला भोगावे लागतात. २० विद्यार्थ्यांच्या वर्गात एकाने ३ ऐवजी २ वर खूण केली, तर सरासरी ०.०५ ने घसरते. ३.२० आणि ३.१५ गुणांच्या दोन अध्यापकांत क्रम लावणे म्हणजे एका मुलाच्या एका पायरीवर निवाडा करणे होय. उर्दू-मराठीसारख्या लहान वर्गांच्या विषयांना हा धोका सर्वाधिक.

तात्पर्य, पाच पर्याय पुरेसे आहेत. मात्र प्रत्येक पर्यायाला स्पष्ट शब्द असावा, सर्व शब्द एकाच गुणाचे माप सांगणारे असावेत आणि ते विद्यार्थ्यांच्या भाषेतही द्यावेत. पत्रक वापरण्यापूर्वी ते शब्द चिठ्ठ्यांवर लिहून दहा विद्यार्थ्यांना क्रमाने लावायला सांगावे. क्रम जुळला नाही, तर दोष श्रेणीचा समजावा. निकाल मांडताना केवळ सरासरी न देता प्रत्येक पर्यायावर किती विद्यार्थी आहेत, तेही द्यावे. आणि सूचना मागणारा एकविसावा प्रश्न आधी वाचावा. तेथे विद्यार्थी आकड्यांत नव्हे, स्वतःच्या शब्दांत बोलत असतो.